दहा आठवडे वजा

२१ फेब्रुवारी

मुलगी झाली, परवा. व्हायची होती एप्रिलच्या तीस तारखेला. दहा आठवडे आधीच आली, म्हणजे उतावळेपणा बापाचा घेतलाय हे सांगायला ज्योतिषी नको. वजन सव्वा किलो. काचेच्या पेटीत ठेवलीय, नाकात नळी, पायाला वायर, आणि अंगावर एवढंसं लंगोट, तेही तिला मोठं होतंय.

आत एका वेळी एकालाच सोडतात. बायको आत, मी बाहेर. बाहेर चार खुर्च्या आहेत. त्यातल्या एकीवरही मी अजून धड बसलेलो नाही. आज सिस्टर वैतागली. म्हणाली, "अहो, तुमच्या येरझाऱ्यांनी मला गरगरायला लागलंय. काही वाचा, लिहा, पण बसा." मग समोरच्या दुकानातून ही वही आणली. लिहून काय होणार, कपाळ! पण सिस्टरच्या हातात माझी पोरगी आहे, तिचं ऐकलेलं बरं.

सिस्टर तिला खसखस म्हणते. पेटीवर चिकटपट्टीवर तेच लिहिलंय. पहिल्यांदा बघितली तेव्हा मला रडू आलं. चारचौघांत आलं.

२६ फेब्रुवारी

आज बाळांच्या डॉक्टरांनी एक फार कामाची गोष्ट सांगितली. ही लवकर आली, तर हिचं वय दोन तऱ्हेने मोजायचं. एक जन्मापासून, आणि एक ज्या दिवशी जन्मायला हवी होती त्या दिवसापासून. "बाकीची मुलं दोन महिन्यांची झाली की हसतात. ही नाही हसली तर रडत बसू नका. दहा आठवडे वजा करा, मग बघा. मान धरणं, पालथं पडणं, बसणं, सगळं तसंच."

बायकोच्या डोक्यावरून गेलं. मला मात्र तिथल्या तिथे पटलं, कारण माझा धंदाच तो. मी बस डेपोत कंट्रोलर. कुठली गाडी कधी सुटायची, कुणी चालवायची, सगळं माझ्याकडे. एखादी गाडी भलत्याच वेळी सुटली की पुढचा प्रत्येक थांबा तेवढाच सरकवायचा. एक जरी थांबा जुन्या वेळेवर राहिला की बोंबाबोंब. बाहेर खुर्चीवर बायकोला नीट समजावून सांगितलं, "आपली गाडी वेळेआधी सुटलीय, एवढंच. थांबे आपण मांडून घेऊ." इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसली. म्हणाली, "पोरीची एसटी केलीत का?"

जाता जाता डॉक्टर म्हणाले, चार आठवड्यांची झाली की डोळे तपासायचे. लवकर आलेल्या मुलांच्या डोळ्यांना त्रास होऊ शकतो. इथे ती सोय नाही, मोठ्या दवाखान्यात न्यायचं.

संध्याकाळी सगळं एका कागदावर मांडलं. हसणं, मान, बसणं, इंजेक्शनं, डोळे. सगळ्याला दहा आठवडे. डोळे आले अठ्ठावीस मेला. त्या दिवसाची माझी रजा आत्ताच टाकली. घरी जाऊन कपाटाच्या दारावर कागद चिकटवला तेव्हा कुठे जरा जिवात जीव आला.

५ मार्च

बाळाला छातीशी धरून बसायचं, कातड्याला कातडं लावून, असं सांगतात. वजन वाढतं म्हणे. बायको तासन्तास बसते. आज मला संधी मिळाली. दहा मिनिटांत सिस्टरने उचलून घेतली. "तुमची छाती ट्रॅक्टरसारखी धडधडतेय, ती झोपणार कशी?" शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

हसू देत. दहा मिनिटं ती माझ्या अंगावर होती.

१३ मार्च

घरी आणली! दीड किलोची झाली आणि डॉक्टर म्हणाले, न्या.

निघताना काय गडबड! आत दुसरं एक बाळ निळं पडलं म्हणून धावपळ, आमची सिस्टर एक पाय आत, एक बाहेर. मला म्हणाली, "डोळ्यांचं लक्षात आहे ना? चार आठवडे, म्हणजे आता—" मी म्हटलं, "सिस्टर, ते सगळं काढून ठेवलंय मी, तारखेसकट. तुम्ही जा आत, तिकडे गरज आहे तुमची." बायको मधेच म्हणाली, "त्यांना बोलू तर द्या." पण सिस्टर तोवर गेलीसुद्धा. मला बरं वाटलं. निदान एका तरी पोरीच्या बापाला त्यांना दोनदा सांगावं लागलं नाही.

२० मार्च

आठवडाभर धड झोप नाही. दिवसाही नाही. ती झोपली की श्वास चालू आहे का बघतो, आणि बघायला गेलो की ती जागी होते. आई म्हणते, "तुला वाढवताना मी एवढं वाकून बघितलं असतं तर माझा कणाच मोडला असता." दारात बादली, साबण. हात धुतल्याशिवाय आत पाऊल नाही. डेपोतला भोंगा आला होता. आमचा ड्रायव्हर, हॉर्नपेक्षा त्याचाच आवाज मोठा म्हणून भोंगा. त्याला दारातूनच परत लावला. "वहिनी, तुमच्या नवऱ्याने घराचा डेपो केलाय," असं रस्त्यावरून ओरडून गेला.

मला बसवत नाही. कामावर असलो की घरी यावंसं वाटतं, घरी असलो की काहीतरी मोजावंसं वाटतं.

४ एप्रिल

आज डोक्याला ताप. खसखसला वजनाला गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात नेली. वजन छान वाढलंय. तर तिथल्या इंजेक्शनवाल्या बाई सुई घेऊन तयार.

"जन्म कधीचा?"

"एकोणीस फेब्रुवारी. पण ते धरू नका, दहा आठवडे वजा करा. तसं बघितलं तर तिचं वय अजून सुरूच झालेलं नाही."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "सुरू झालेलं नाही? मग हे टाहो फोडतंय कोण?"

"अहो, मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय."

"हसण्या-बसण्याला वजा करा हो खुशाल. सुईला वजाबाकी नाही. रोग काय तारीख विचारून दारात येतात?" आणि टोचली! माझ्या कागदावर जून होता, हिने एप्रिलमध्ये टोचली.

येताना बायको म्हणाली, "मग डोळे कशात धरायचे? हसण्या-बसण्यात की सुईत?"

मी म्हटलं, "डोळे म्हणजे वाढ. वाढीला वजा."

"नाही, म्हणजे जन्मापासून धरलं तर चार आठवडे कधीच होऊन गेलेत."

तेच तर मी सांगतोय, जन्मापासून धरायचंच नाही! एक आगाऊ बाई भेटली की हिचा विश्वास लगेच डळमळतो.

९ एप्रिल

डोळ्यांचं टुमणं चालूच आहे. सकाळी चहा देताना, जेवताना, मी बूट घालताना. "एकदा विचारून तर घ्या." काय विचारायचं? ज्याने मांडणी केली त्यानेच विचारायला जायचं? तरी दवाखान्यात फोन केला तिच्या समाधानासाठी. कुणी उचलला नाही. दुपारी परत करीन म्हटलं, तर दोन गाड्या बंद पडल्या आणि राहिलं.

संध्याकाळी परत तेच. मग माझा पारा चढला. म्हटलं, "थांबे मी मांडायचे की तू?" ती उठली. बाळाला घेऊन खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि तिचे डोळे उजेडात बघत बसली.

आईसुद्धा म्हणाली, "काय झालंय तिच्या डोळ्यांना? चांगले टपोरे, काळेभोर आहेत." तेच म्हणतो मी. दिसतंय ना समोर.

१२ एप्रिल

आज बायकोने विषय काढला नाही. समजली असावी.

१५ एप्रिल

जेवण झाकून ठेवलं आणि आधी वही उघडली.

चारच्या सुमाराला भोंगा गाडी लावून आला. "काय साहेब, वहिनींना एकट्यांनाच पाठवलंत? सकाळी माझ्याच गाडीला होत्या, बाळाला घेऊन. मी गाडी पार मोठ्या दवाखान्याच्या दारापर्यंत नेली, थांबा नसताना. लिहा मेमो."

माझ्याच डेपोची गाडी, माझाच ड्रायव्हर, आणि मलाच पत्ता नाही! काम टाकून घरी आलो. आईला तिने सांगितलं होतं, वजनाला नेते. म्हणजे खोटंसुद्धा बोलली. दीड तास घरात फेऱ्या मारल्या आणि काय काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं. आठ आठवड्यांच्या पोरीला गर्दीतून नेतेस, अक्कल गहाण ठेवलीस का, सगळं.

ती आली. पिशवी खाली ठेवली. खसखस तिच्या खांद्यावर झोपलेली, डोळे सुजलेले, लाल.

"उद्या लेसर आहे," ती म्हणाली. "दोन्ही डोळ्यांना. उद्याच करायचं म्हणाल्या डॉक्टर बाई. परवापर्यंतसुद्धा थांबायचं नाही."

मी कपाटाच्या दारावरचा कागद काढला आणि खिशात घातला.

१६ एप्रिल

डोळ्यांच्या डॉक्टर बाई आहेत, बारीक चणीच्या, फार हळू बोलतात. मला बसवून सगळं सांगितलं. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो. त्याच्यावर बारीक रक्तवाहिन्या पसरत जातात, त्या कडेपर्यंत पोचतात त्या शेवटच्या आठवड्यांत, आईच्या पोटात. ही आधीच बाहेर आली, काम अर्धवट राहिलं. मग त्या वाहिन्या वेड्यावाकड्या वाढायला लागतात, आणि वाढता वाढता पडदा ओढतात. पडदा सुटला की संपलं.

"बाहेरून काही दिसत नाही. डोळे छान टपोरेच दिसतात. म्हणून चार आठवड्यांना बघायचं असतं. जन्मापासून चार."

जन्मापासून. हळू आवाजातच म्हणाल्या, पण मुस्काटात बसावी तसं झालं.

"हिच्या आई म्हणाल्या, आमच्याकडून राहिलं. कसं काय राहिलं?"

बायको माझ्या शेजारीच होती. माझं नाव तिने सांगितलं नव्हतं. 'आमच्याकडून' म्हणाली होती. आणि मी तोंड उघडलं तर त्यातून आलं, "तिथल्या सिस्टरने नीट सांगितलंच नाही." मी विचार करून बोललो नाही. आलं. बायकोने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि परत समोर बघायला लागली.

लेसरला आत नेली. पापण्या मिटू नयेत म्हणून बारीक तारेचा चिमटा लावतात, तो लावताना दार उघडं होतं, मी बघितला. नको होता बघायला. पडद्याच्या कडेची जागा जाळून टाकायची आणि मधली वाचवायची, असं ते काम. दोन तास चाललं. मी तो अख्खा मजला घासून काढला चालून चालून. बायको एका जागी बसून होती. तिच्या शेजारी जाऊन बसलो तर ती जराशी सरकली. जागा करून दिली म्हणून की लांब व्हायला, कळलं नाही.

उजवा डोळा आटोक्यात येईल म्हणतात. डावा खूप पुढे गेलाय. आठवड्याने कळेल.

२० एप्रिल

आईने गल्लीभर सांगितलंय, दवाखान्याने सांगितलंच नाही, माझ्या नातीच्या डोळ्यांशी खेळले मेले. मी ऐकतो आणि आंघोळीला जातो.

डेपोत मीही तेच सांगितलं. एकाला सांगितलं, पन्नास जणांना कळलं. आज भोंगा घरीच आला, हात धुऊन आत आला, आणि म्हणाला, "साहेब, उद्या आम्ही दहा-बारा जण जातो. त्या सिस्टरला जाब विचारतो. नोकरीवर राहिली तर माझं नाव बदला."

मी म्हणालो, "बघू." बघू! 'नको' म्हणायला एवढाच वेळ लागतो.

बायको आतून आली. "भाऊजी, कुणीही कुठे जायचं नाही." भोंग्याने माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. तो गेला.

दार लागल्यावर ती बोलायला लागली. लग्नाला सहा वर्षं झाली, कधी अरेतुरे केलं नव्हतं तिने.

"ती सिस्टर सांगत होती. तू तिला बोलू दिलं नाहीस. मी सांगत होते, तू मला बोलू दिलं नाहीस. तिने आपली पोरगी जगवली रे. दिवस-रात्र उभी राहून जगवली. आणि तू तिच्या अंगावर माणसं पाठवतोस?"

"मी नाही पाठवत..."

"गप्प बसून पाठवतोस."

मग ती खाली बसली आणि रडली. इतक्या दिवसांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं. "तुझा राग नाही मला तेवढा. मला कळलं होतं. सुई टोचली त्याच दिवशी कळलं होतं मला. तरी अकरा दिवस मी तुझ्या तोंडाकडे बघत बसले. आईने असं बसायचं असतं?"

तिच्याजवळ जायची हिंमत झाली नाही. आई दारात आली, म्हणाली, "पोरीच्या नशिबात होतं, कुणाचा काय दोष?" मी म्हटलं, "नशीब नव्हे ग आई. मी. सिस्टरने सांगितलं होतं. मी चुकलो." आईला आधी पटलंच नाही. मग पटलं, आणि ती आपल्या खोलीत जाऊन बसली.

२१ एप्रिल

डेपोत भोंग्याला बाजूला घेऊन खरं ते सांगितलं. गाडी, थांबे, दहा आठवडे, सगळं. तो ऐकत राहिला. त्याचा आवाज एवढा लहान होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. "साहेब," म्हणाला, "आम्हीपण गाड्या अशाच मांडतो की." मला बरं वाटावं म्हणून म्हणाला. नाही वाटलं.

मग म्हणाला, "बाकीच्यांना मी सांगतो. तुम्ही नका फिरू एकेकाकडे." मी म्हटलं, नाही, मीच सांगतो. जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. सगळे डबे आवरायला लागले.

२३ एप्रिल

उजवा डोळा शांत होतोय. डाव्याचा पडदा ओढला गेलाय, एका बाजूने सुटायला लागलाय. ऑपरेशन करायचं, तेही दुसऱ्या शहरात, तिथे एकच डॉक्टर आहेत एवढ्याशा डोळ्यांचे. यश मिळेलच असं नाही.

मी डॉक्टर बाईंना म्हटलं, "त्या दिवशी मी खोटं बोललो." आणि सांगितलं. कागदही खिशात होता, तोही दाखवला. त्यांनी पूर्ण वाचला. "वजाबाकी बरोबर आहे," म्हणाल्या. "हसण्याला, मान धरायला हेच करायचं. डोळ्यांना नाही, कारण ते पोटाबाहेर आल्या दिवसापासून बिघडायला लागतात."

"वेळेवर आणली असती तर?"

त्यांनी कागदाची घडी घालून परत दिला. बायकोकडे बघून मग माझ्याकडे. "तेव्हा बहुतेक काही दिसलंही नसतं. पण मी दर आठवड्याला बघितलं असतं. डावा इथवर आला नसता असं मला वाटतं. छातीठोक नाही सांगणार."

मला छातीठोक हवं होतं. कुठलंही चाललं असतं.

तिथून तडक जुन्या दवाखान्यात गेलो. सिस्टर ड्युटीवर होती. खसखस कशी आहे, आधी तेच विचारलं. सांगितलं. ती भिंतीला टेकली. "मी तारीख सांगायला हवी होती हो. आठवडे नको होते सांगायला. त्या दिवशी ते दुसरं बाळ..." मी म्हटलं, "सिस्टर, तुम्ही सांगत होतात." तर म्हणते, "तरी." आतून बोलावणं आलं, गेली.

३ मे

ऑपरेशन झालं काल. परक्या शहरात, परक्या खोलीत. पलंग दोन, खिडकी एक, समोर पाण्याची टाकी. पडदा बराचसा बसवला म्हणतात. बराचसा म्हणजे किती ते विचारलं नाही. बायकोने विचारलं. अर्ध्याहून थोडा जास्त.

बायको मला परत 'तुम्ही' म्हणायला लागलीय. गरजेपुरतं बोलते. औषधं घालायच्या वेळा तिने स्वतः लिहून घेतल्या, डॉक्टरांना वाचून दाखवल्या, आणि माझ्याकडे दिल्या नाहीत.

२८ मे

आज माझ्या रजेचा दिवस. कामावर गेलो. डोळ्यांच्या बाई म्हणाल्या होत्या, आज आणली असती तर दोन्ही गेले असते.

११ जुलै

डावा डोळा: उजेड-अंधार कळतो, त्यापलीकडे फार नाही. आता होणारही नाही.

उजव्या डोळ्याचा पडदा जागेवर आहे, तपासणीत चांगला दिसतोय, पण त्या डोळ्याला किती दिसतं ते डॉक्टरांना आत बघूनही सांगता येत नाही. "पडदा शाबूत असला तरी बघायला शिकावं लागतं. ती अजून कुणाच्या तोंडावर नजर ठरवत नाहीये. थोडं थांबू या. ऑगस्टअखेरपर्यंत नाही ठरली तर मात्र विचार करावा लागेल."

मी म्हटलं, "पण ती हसते. हाक मारली की माझ्याकडे बघून हसते."

"हाक मारली की," डॉक्टर बाई म्हणाल्या. "आवाज न करता बघा कधीतरी."

२ ऑगस्ट

आवाज न करता बघतोय. नाही ठरत नजर. किल्ल्या धरल्या, लाल डबा धरला, बॅटरी धरली. बॅटरीकडे बघते, पण उजेड तर डाव्यालाही कळतो. दिवसातून दहादा करतो. आई म्हणते, पोरीला सर्कशीत घालणार आहेस का? काल बायकोने बॅटरी काढून घेतली आणि कपाटात टाकली. "ती काय तुमची गाडी आहे का, वेळ झाली म्हणून सुटायला?"

मग कधी? हेच तर मला कुणी सांगत नाही. कामावर दोन गाड्या एकाच फलाटाला लावल्या काल. असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं. आणि ती नाहीच बघू शकली तर? मोठी होऊन विचारेल, बाबा, मला का दिसत नाही? काय सांगू तिला, तुझ्या बापाचं गणित पक्कं होतं म्हणून?

१४ ऑगस्ट

जुन्या दवाखान्यातल्या सिस्टरला भेटलो, रस्त्यात. घरी पाठवताना आता बाळाच्या आईच्या हातावर पेनाने डोळ्यांची तारीख लिहितात म्हणे, पुसली तर परत लिहायची. बापाच्या हातावर का नाही, असं विचारलं. हसली ती. मला हसवलं नाही.

२६ ऑगस्ट

संध्याकाळी डेपोतून आलो. खसखस चटईवर उताणी पडलेली, पाय झाडत. बायको पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होती. मी हात धुऊन जाऊन बसलो तो पोरीच्या डाव्या अंगाला बसलो. लक्षात आल्यावर उठायला लागलो. उजवीकडे जायचं, मग तोंड तिच्यासमोर न्यायचं, हे आता सवयीचं झालंय.

"बसा तिथंच," बायको म्हणाली.

"इकडचं तिला दिसत नाही."

"माहितीये. मान आहे ना तिला? धरते आता चांगली. जन्मभर कोण फिरणार आहे तिच्याभोवती बाजू बदलत? शोधू दे तिला."

मी हाक मारायला तोंड उघडलं. बायकोने मान हलवली. नको.

बसलो. आयुष्यात एवढं अवघड काम मी केलेलं नाही. गुडघा आपोआप हलत होता, तो हाताने दाबून धरला. पोरगी छताकडे बघत होती, मग पंख्याकडे, मग कशाकडेच नाही. बाहेर कुणीतरी गाडी चालू केली, मी मनात म्हटलं, आता ती तिकडे वळणार आणि संपलं. वळली नाही. पाय झाडायचे थांबली. माझ्या बाजूला काहीतरी आहे असं तिला वाटलं असावं. सावली असेल, वास असेल, कोण जाणे. मान जराशी डावीकडे आली, अडली, परत गेली. परत आली. पार वळवावी लागत होती तिला, हनुवटी खांद्याला लागेपर्यंत. नाक चटईत गेलं. उजवा डोळा वर आला, कपाटावरून फिरला, माझ्या शर्टवरून फिरला, पुढे गेला. गेला!

आणि परत आला. माझ्या तोंडावर येऊन थांबला.

मी श्वास घेतला नाही. आवाज नाही, हातवारा नाही, काही नाही. ती बघत होती. इकडून कपाळ, तिकडून मिशा, सावकाश, अगदी घाई नाही. मग तिचं बोळकं पसरलं. हसली. मी अवाक्षरही न बोलता ती माझ्याकडे बघून हसली.

बायकोच्या हातातली घडी तशीच राहिली होती. रडत होती आणि पुसतही नव्हती. किती महिन्यांनी ती माझ्याकडे सरळ बघत होती. म्हणाली, "अहो, बघितलंत?"

"तिने बघितलं," मी म्हटलं.